दोन विपळांचें अंतर
(ज्योतिर्विद बेसेल याचें चरित्र)

फ्रीडरिख विल्हेल्म बेसेल हें नांव गणिताच्या व ज्योतिषाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. दूरच्या तारकेचें अंतर विश्वसनीय रीतीनें मोजून तें जगापुढें मांडणारा पहिला पुरुष म्हणून त्याची कीर्ति आहे, व ती सर्वस्वी योग्य आहे. परंतु ह्याच पुरुषानें आणखी एक गोष्ट मोजली. ती आकाशांत नसून मनुष्याच्या ठायीं होती. एकच घटना पाहणाऱ्या दोन सावध, प्रामाणिक व सुशिक्षित मनुष्यांस तिचा क्षण एकच वाटतो काय, असा प्रश्न त्यानें घातला, आणि त्याचें उत्तर नकारार्थीं आलें. शाळांतून त्याचें चरित्र सांगतांना ह्या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा कोणी वळत नाहीं; म्हणून प्रस्तुत लेखांत तिलाच अधिक जागा देण्याचें योजिलें आहे.

बेसेल याचा जन्म ता. २२ जुलै १७८४ रोजीं प्रशियाच्या राज्यांतील मिंडेन ह्या गांवीं झाला. बाप सरकारी नोकर होता. आई एका पाळकाची मुलगी. कुटुंब मोठें व मिळकत बेताची, तेव्हां मुलांनीं लवकर कमावतें व्हावें हें ओघानेंच आलें. गांवच्या शाळेंत तो चार वर्षें गेला, पण हुशार विद्यार्थी म्हणून त्याची ख्याति झाली नाहीं. लॅटिन भाषा तर त्यास अगदीं नकोशी होई. अंकगणित मात्र त्यास आवडे. अखेर वडिलांची परवानगी मिळवून त्यानें शाळा सोडली, आणि १७९९ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस, वयाच्या पंधराव्या वर्षीं, ब्रेमेन बंदरांतील कुलेनकाम्प ह्या व्यापारी पेढीवर तो उमेदवार म्हणून दाखल झाला. करार सात वर्षांचा असून त्या मुदतींत वेतन मिळावयाचें नव्हतें.

दिवसभर जमाखर्चाच्या वह्या लिहाव्या व रात्रीं अभ्यास करावा असा त्याचा क्रम सुरू झाला. पेढीचा व्यापार समुद्रापलीकडे चाले. एखाद्या जहाजावर मालाचा अधिकारी होऊन दूरदेशीं जावें अशी उमेद त्याच्या मनांत उत्पन्न झाली, व त्यासाठीं तो भूगोल, इंग्रजी आणि स्पॅनिश शिकला. ज्या मुलास लॅटिनच्या प्रत्ययांनीं घाबरवून सोडलें, तोच मुलगा गरज पटतांच दोन परक्या भाषा आपण होऊन शिकतो, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विचार करावयास लावणारी आहे. पण तें असो. जहाज भर समुद्रांत कोठें आहे हें कळण्यास आकाश व घड्याळ हीं दोनच साधनें त्या काळीं होतीं. म्हणून तो नौकाशास्त्राकडे वळला, नौकाशास्त्रावरून ज्योतिषाकडे व ज्योतिषावरून उच्च गणिताकडे. घरगुती साधनांनीं तयार केलेला एक कोनमापक व एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर त्यानें ब्रेमेन शहराचे रेखांश काढून पाहिले. व्यापाऱ्याच्या कारकुनानें वेळेचा हिशोब ठेवण्याची ही पहिली खटपट होती.

ब्रेमेनमध्यें ओल्बर्स नांवाचा एक थोर ज्योतिर्विद राहत असे. तो धंद्यानें वैद्य होता. दिवसां रोगी तपासावे व रात्रीं धूमकेतु शोधावे असा त्याचा नियम. १८०४ सालीं बेसेल यानें त्यास रस्त्यांत गांठून आपला एक निबंध भीत भीत त्याच्या हातीं दिला. १६०७ सालीं दिसलेल्या हॅले धूमकेतूच्या जुन्या वेधांवरून त्याची कक्षा त्यांत काढिली होती. ओल्बर्सनें निबंध वाचला व तो ताबडतोब छापवून आणला. वीस वर्षांच्या ह्या कारकुनांत केवढें सामर्थ्य आहे हें त्यानें ओळखिलें, आणि त्याच्याच खटपटीनें १८०६ सालीं बेसेल यास जवळच्या लिलिएंटाल येथें श्रोटर याच्या खासगी वेधशाळेंत साहाय्यकाची जागा मिळाली. पेढीचे मालक त्याला चांगल्या वेतनावर ठेवून घेण्यास तयार होते. त्यानें कमी पैशाची जागा पत्करली.

पुढें चार वर्षांनीं प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म यानें कोनिग्जबर्ग येथें नवी वेधशाळा बांधण्याचें ठरवून तिचा मुख्य म्हणून बेसेल याची नेमणूक केली. त्या वेळीं त्याचें वय अवघें पंचवीस होतें, व विश्वविद्यालयाची कोणतीही पदवी त्याच्यापाशीं नव्हती. गाऊस याच्या शिफारशीवरून गटिंगेन येथील विश्वविद्यालयानें ती मागाहून दिली. नेपोलियनकडून पराभव पावलेल्या त्या राज्याची तिजोरी रिकामी होती, आणि १८१२ सालीं रशियावर चालून जाणारी नेपोलियनची सेना ह्याच प्रांतांतून गेली. तशाही दिवसांत बांधकाम चालूं राहिलें व १८१३ सालीं वेधशाळा पुरी झाली. पुढील तेहतीस वर्षें बेसेल तेथून हालला नाहीं.

कोनिग्जबर्ग हें तत्त्वज्ञ कांट याचें गांव. तो १८०४ सालीं तेथेंच वारला. काल ही बाहेरची वस्तु नसून मनुष्याच्या मनाची पाहण्याची रीत आहे, असें त्यानें प्रतिपादिलें होतें. पण ती रीत सर्व मनुष्यांची एकच असा त्याचा भाव होता. त्याच गांवीं थोड्याच वर्षांनीं घड्याळ घेऊन बसलेल्या एका ज्योतिर्विदास ह्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसावी, हा योगायोग मला मोठा मनोरम वाटतो.

ती बाजू कशी दिसली हें समजण्यासाठीं त्या काळीं वेध कसे घेत तें सांगितलें पाहिजे. याम्योत्तर दुर्बिणीस डोळा लावला म्हणजे दृष्टीच्या क्षेत्रांत उभे बारीक तंतु ताणलेले दिसत. तारका एका बाजूनें आंत येई व एकामागून एक तंतु ओलांडून दुसऱ्या बाजूस जाई. जवळच लंबकाचें घड्याळ दर सेकंदास एक ठोका देत असे. निरीक्षक आधीं घड्याळाकडे पाहून सेकंदाचा आंकडा मनांत धरी, मग डोळा दुर्बिणीस लावी व कानानें ठोके मोजीत राही. तारका तंतूच्या अलीकडे असतां एक ठोका पडे, पलीकडे गेल्यावर दुसरा पडे. त्या दोन ठोक्यांच्या वेळचीं तारकेचीं स्थानें ध्यानांत ठेवून मधला तंतु किती अंतरावर येतो हें तो अदमासानें ठरवी, व त्यावरून सेकंदाचा दशांश लिही. डोळा व कान दोहोंवर चालणारी ही पद्धति इंग्लंडांतील ब्रॅडली ह्या ज्योतिर्विदापासून रूढ झाली होती. तरबेज मनुष्याची चूक एक किंवा फार तर दोन दशांश सेकंदांहून अधिक असूं नये, अशी सर्वांची समजूत होती. घड्याळें ह्याच वेधांवर लावलीं जात व जहाजें त्या घड्याळांच्या भरंवशावर चालत.

आतां ग्रीनिचकडे वळूं. तेथील राजज्योतिषी मॅस्कलीन याच्या हाताखालीं १७९४ सालीं डेव्हिड किनेब्रूक नांवाचा एक तरुण साहाय्यक नेमण्यांत आला. पहिलें वर्ष व दुसऱ्याचा बराच भाग दोघांचे वेध चांगले जुळत होते. १७९५ च्या ऑगस्टपासून किनेब्रूक याच्या वेळा मॅस्कलीनच्या वेळांपेक्षां अर्ध्या सेकंदानें मागाहून येऊं लागल्या. त्यास ती गोष्ट दाखवून देण्यांत आली. त्यानें सुधारण्याची खटपट केली असेल यांत शंका नाहीं. पण १७९६ च्या जानेवारींत तेंच अंतर आठ दशांश सेकंदांवर गेलें. आपल्या जुन्या गणनेंत घटिकेचीं साठ पळें व पळाचीं साठ विपळें. त्या हिशोबानें एक विपळ म्हणजे सेकंदाचे चार दशांश. अर्थात् हें अंतर नेमकें दोन विपळांचें झालें. पापणी लवण्यास ह्याच्या निम्म्याहूनही कमी काळ पुरतो. तरीपण घड्याळ तेवढें चुकलें तर रेखांशांत बारा विकलांचा, म्हणजे विषुववृत्तावर सुमारें ३७० मीटरांचा फरक पडतो, हेंही विसरतां येत नाहीं.

मॅस्कलीन यानें किनेब्रूक यास कामावरून दूर केलें. वेधांच्या छापील ग्रंथांत त्यानें त्याची हकीकत नमूद केली आहे. साहाय्यक इतर बाबतींत उद्योगी व उपयोगी होता, त्यास निरोप देतांना आपणास वाईट वाटलें, परंतु त्याची ही खोड जाईल असें दिसेना, असा तिचा आशय आहे. मॅस्कलीन हा कठोर मनुष्य नव्हता. तो दीक्षा घेतलेला धर्मोपदेशक होता, आणि त्याची ही नोंद सरळपणाची आहे. परंतु एक गोष्ट त्याच्या मनाला शिवलीच नाहीं. दोन मनुष्यांत अंतर पडलें तर चूक कोणाची हें कशावरून ठरवावयाचें? किनेब्रूक याच्या वेळा उशिराच्या, असें ज्या मापानें ठरलें तें माप म्हणजे स्वतः मॅस्कलीनचे डोळे व कान. त्या मापाची परीक्षा कोणीच केली नव्हती. किनेब्रूक १८०२ सालीं, तरुण वयांतच, मरण पावला. त्या वर्षीं बेसेल ब्रेमेनच्या पेढीवर खतावणी लिहीत होता.

वीस वर्षें ती नोंद ग्रंथांत तशीच पडून राहिली. १८१६ सालीं जर्मनींतील ज्योतिषाच्या एका मासिकांत लिंडेनाऊ यानें ग्रीनिच वेधशाळेचा इतिहास लिहिला व त्यांत किनेब्रूकची हकीकत दिली. ती बेसेल याच्या वाचनांत आली. ग्रीनिचच्या वेधांशीं त्याचा परिचय फार जुना होता. ब्रॅडलीनें तेथें घेतलेल्या वेधांवरून ३२२२ तारकांचीं स्थानें गणितानें शुद्ध करण्याचें प्रचंड काम तो ह्याच सुमारास पुरें करीत होता, व १८१८ सालीं तें प्रसिद्ध झालें. यंत्राची, हवेची, उष्णतेची, प्रत्येक चूक हुडकून तिला आंकडा लावावयाचा, ही त्याची रीतच होऊन बसली होती. यंत्र चुकतें म्हणून कोणी तें फेंकून देत नाहीं. किती चुकतें हें मोजून तेवढें वजा करतो. मनुष्यालाही तोच न्याय लावून पाहावा, असें त्याच्या मनांत आलें. इतरांना ह्या हकीकतींत एका निष्काळजी नोकराची गोष्ट दिसली होती. बेसेल यानें ग्रीनिचचे मूळ ग्रंथ मिळवून आंकडे पाहिले, व उद्योगी मनुष्य महिनोन् महिने एकाच दिशेनें चुकत राहतो ह्याला कांहीं कारण असलें पाहिजे असें ठरविलें.

१८२०-२१ च्या हिंवाळ्यांत वाल्बेक नांवाचा ज्योतिर्विद कोनिग्जबर्गला आला असतां ही परीक्षा करण्याची संधि मिळाली. दोघांनीं दहा तारका निवडल्या. एका रात्रीं अर्ध्या एकानें व अर्ध्या दुसऱ्यानें पाहाव्या, आणि दुसऱ्या रात्रीं त्यांची अदलाबदल करावी, असा क्रम ठेविला. दोघेही कसलेले, किनेब्रूकसारखा नवशिका त्यांत कोणीच नव्हता. तरी बेसेल याच्या वेळा प्रत्येक तारकेच्या बाबतींत आधींच्या आल्या, आणि सरासरी अंतर निघालें एक सेकंदाहूनही किंचित् अधिक, १.०४ सेकंद! ज्या अंतरापायीं ग्रीनिचच्या साहाय्यकाची जागा गेली त्याहून हें मोठें होतें. पुढें १८२३ सालीं आपला शिष्य आर्गेलांडर याच्याशीं त्यानें तुलना केली, तेव्हां अंतर १.२२ सेकंद भरलें. डॉर्पाट येथील स्ट्रूव्ह याच्याशींही तुलना झाली, आणि तें अंतर १८१४ सालीं जवळजवळ शून्य, १८२१ सालीं आठ दशांश व १८२३ सालीं एक सेकंद, असें वर्षावर्षाला बदललेलें दिसलें. किनेब्रूकचें अंतर आधीं नव्हतें व मागून वाढत गेलें, ही तक्रार वाचकांस आठवत असेल. तीच गोष्ट यूरोपांतल्या दोन अग्रगण्य ज्योतिर्विदांमध्यें घडली होती.

बेसेल तेथेंच थांबला नाहीं. सेकंदाऐवजीं अर्ध्या सेकंदाला ठोका देणारें घड्याळ वापरून पाहिलें, तों त्याच्या स्वतःच्याच वेळा जवळजवळ अर्ध्या सेकंदानें पुढें सरकल्या. चंद्राआड तारका एकदम नाहींशी होते तशा आकस्मिक घटनांत निरीक्षकांमधील अंतर पुष्कळ कमी होतें, असेंही त्यास आढळलें. ह्यावरून त्यानें असें अनुमान बांधिलें कीं, डोळ्याची संवेदना व कानाची संवेदना यांची तुलना मन एका क्षणांत करूं शकत नाहीं. एकीवरून दुसरीवर जाण्यास त्यास वेळ लागतो, व तो वेळ प्रत्येकाचा निराळा असतो. कोणी पाहून मग ऐकतो, कोणी ऐकून मग पाहतो. ज्योतिर्विदांनीं ह्या अंतरास पुढें वैयक्तिक समीकरण असें नांव दिलें, आणि वेधांच्या वह्यांत निरीक्षकाच्या नांवाशेजारीं त्याचा आंकडा लिहिण्याची चाल पडली.

ह्या सर्व आंकड्यांकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. वाल्बेक, आर्गेलांडर व स्ट्रूव्ह यांच्या आपसांतील वेळांत थोडाच फरक होता. पण हे तिघेही बेसेल याच्या मागें सुमारें एकेक सेकंद होते. म्हणजे जगावेगळा कोणी असेल तर तो बेसेल! आपल्या वेधशाळेचा तो मुख्य होता. त्याच्यावर अधिकार चालविणारा कोणी नव्हता. शिष्य उशिरा पाहतो असें म्हणून तो सहज मोकळा झाला असता. त्यानें तसें केलें नाहीं. समीकरणाच्या एका बाजूस शिष्याचें नांव मांडलें व दुसऱ्या बाजूस स्वतःचें. ह्या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो तारकेच्या अंतरापेक्षांही ह्या एका कृतीमुळें अधिक वाटतो. वर्गांत प्रश्न घातल्यावर हात उशिरा वर करणाऱ्या मुलास मंद म्हणून टाकणें किती सोपें असतें, हें आमच्या धंद्यांतील प्रत्येकास माहीत आहे.

त्याचा शिष्य आर्गेलांडर, ज्याचें अंतर सर्वांत मोठें भरलें होतें, तो पुढें बॉन येथील वेधशाळेचा मुख्य झाला व साहाय्यकांसह त्यानें उत्तर आकाशांतील तीन लक्ष चोवीस हजारांहून अधिक तारकांची सूची केली. तिच्या तोडीची दुसरी सूची त्या काळीं नव्हती.

बेसेल याच्या इतर कार्याचा येथें थोडक्यांतच उल्लेख करतां येईल. सेकंदाचा ठोका देणाऱ्या लंबकाची लांबी त्यानें असामान्य काळजीनें मोजली. त्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेलीं गणितांतील फलें आज पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक शाखेंत उपयोगास येतात. १८३८ सालीं हंसपुंजांतील ६१ व्या तारकेचें लंबन त्यानें जाहीर केलें. त्याचें माप ०.३१ विकला निघालें. त्यावरून तिचें अंतर सुमारें दहा प्रकाशवर्षें आलें, व आजचें माप ११.४ प्रकाशवर्षें आहे. ह्या कामासाठीं त्यानें हेलिओमीटर नांवाचें यंत्र वापरलें. त्यांत तारकेचें शेजारच्या तारकांपासूनचें अंतर डोळ्यानें मोजावयाचें असतें. घड्याळाच्या ठोक्याचा किंवा कानाचा त्यांत संबंधच येत नाहीं. १८४४ सालीं व्याध व प्रश्वा यांच्या गतींतील किंचित् डोलण्यावरून त्यांस न दिसणारे जोडीदार असले पाहिजेत असें त्यानें सांगितलें. व्याधाचा जोडीदार त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं दुर्बिणींत दिसला.

घरांत त्यास दुःखें थोडीं नव्हतीं. १८१२ सालीं योहाना हागेन हिच्याशीं त्याचा विवाह झाला होता, व त्यांस दोन मुलगे आणि तीन मुली झाल्या. दोन्ही मुलगे बापाच्या देखत गेले. मोठा विल्हेल्म १८४० सालीं वारला, तेव्हां तो ऐन तारुण्यांत होता. त्यानंतर बेसेल याची प्रकृति खालावत गेली, आणि दीर्घ दुखण्यानंतर ता. १७ मार्च १८४६ रोजीं त्याचा अंत झाला. वेधशाळेजवळच त्यास पुरण्यांत आलें. कोनिग्जबर्ग आतां रशियांत असून त्याचें नांव कालिनिनग्राद आहे. ती वेधशाळा दुसऱ्या महायुद्धांत १९४४ सालच्या बाँबवर्षावांत नष्ट झाली.

त्याच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनीं, त्याच कोनिग्जबर्गांत, हेल्महोल्ट्झ यानें बेडकाच्या ज्ञानतंतूंतून संदेश किती वेगानें जातो हें मोजलें. तो वेग सेकंदास सुमारें २७ मीटर, म्हणजे लोकांच्या कल्पनेहून फारच कमी निघाला. मनाला वेळ लागतो हें बेसेलचें अनुमान होतें. शरीरालाही लागतो हें आतां सिद्ध झालें. पुढें न्यूशातेल येथें हिर्श यानें व यूट्रेख्ट येथें डोंडर्स यानें प्रकाश, ध्वनि व स्पर्श यांना मनुष्य किती वेळानें प्रत्युत्तर देतो हें यंत्रांनीं मोजलें, आणि १८७९ सालीं वुंट यानें लाइपझिग येथें मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तींत ज्योतिर्विदांचा हा जुना प्रश्न अगदीं आरंभापासून होता. वेधशाळांतून मात्र तो प्रश्न हळूहळू निघून गेला, कारण विजेच्या कळीनें व पुढें आपोआप चालणाऱ्या यंत्रांनीं वेळ नोंदली जाऊं लागली.

आज ज्या ठिकाणीं तो विचारला जातो तीं ठिकाणें निराळीं आहेत. ओठ हललेले दिसणें व शब्द ऐकूं येणें हीं दोन्ही एकाच क्षणीं झालीं असें वाटण्यास त्यांच्यामध्यें किती अंतर चालतें, हें माणसामाणसांत भिन्न असतें. स्वमग्न मुलांत ही मर्यादा पुष्कळदा अधिक रुंद आढळते, आणि वाद्य वाजविणाऱ्यांत अनेकदां अरुंद. कंपवाताच्या रोग्यांस लहान कालावधि अजमावणें जड जातें. ज्यांचें चित्त एका जागीं ठरत नाहीं अशा मुलांसही तें पुष्कळदा जड जातें. अशा मुलास समोर बसवून दोन ठोक्यांमधील अंतर पुन्हा तेवढेंच वाजवून दाखव असें सांगतात, व त्यानें केलेलें अंतर घड्याळाशीं ताडून त्याच्या नांवापुढें लिहून ठेवितात. त्या कागदावर परीक्षकाचा आंकडा बहुधा नसतो. कोनिग्जबर्गच्या वह्यांत तो होता.